नवरदेव नसलेली वरात

खोली बघायला गेलो तेव्हा मास्तरांनी मला आधी चालून दाखवायला सांगितलं.

शहागंजच्या मागच्या गल्लीतलं दुमजली घर. खाली ते राहत, वरची खोली रिकामी. नोकरी, गाव, जेवणखाण या प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवून गेलो होतो. घरमालक नावाच्या जमातीला साधारण तेवढंच हवं असतं. मास्तर खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. अंगात बनियन, खाली लुंगी, आणि डोक्यावर सोनेरी झालरीची बँडची टोपी. टोपी धुतलेली होती आणि ती डोक्यावरच वाळली तर आकार बिघडत नाही, हे मला नंतर कळलं. त्यांनी दारापासून भिंतीपर्यंत बोट फिरवलं.

"चला."

"कुठं?"

"इथून तिथं. अन् वापस."

मी चाललो. मास्तरांनी मान वाकडी करून डोळे मिटले. माझं चालणं त्यांनी पाहिलं नाही, ऐकलं.

"डावा पाय उशिरा टाकता तुम्ही. कॉलेजात शिकवता का?"

"हो."

"तरीच. बोलत बोलत चालायची आदत. हरकत नाही, राहा. पण रात्री माझ्या डोक्यावर फेऱ्या नका मारू. उशिराच्या पायानं झोप लागत नाही मला."

अशा रीतीनं मी त्यांचा भाडेकरू झालो. त्यांच्या लेखी माणसाची परीक्षा पायावरून व्हायची. गल्लीतून कोणी गेलं की ते न बघता सांगत, 'हा कर्जात आहे', 'हिला माहेरी जायचंय', 'हा नेता होणार, ह्याचे दोन्ही पाय वेगवेगळ्या दिशेला जातात.' यातलं किती खरं निघायचं हे मी कधी तपासलं नाही. न तपासण्यात एक प्रकारचा शेजारधर्म असतो.

मास्तर म्हणजे बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत वाजवणारी बँड पार्टी त्यांच्या वडिलांनी उभी केली होती आणि तिच्यात सगळे घरचेच: मास्तर क्लॅरिनेटवर, मुलगा साजिद ट्रंपेटवर, दोन भाचे ढोल-ताशावर. बाहेरचा माणूस बरोबर वाजवतो पण श्वास चुकीच्या जागी घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. साजिद दिवसा वाळूजला कंपनीत असायचा आणि लग्नसराईत शिफ्टची अदलाबदल करून लाल कोट चढवायचा. त्या कोटाच्या खांद्यांवर झुपके होते, छातीवर सोनेरी दोऱ्या. मास्तर तो घालून आरशासमोर उभे राहिले की एखाद्या निवृत्त सेनापतीसारखे दिसत. फरक इतकाच की सेनापतींना तशा कपड्यात उन्हातून चालत काही काम करावं लागत नाही.

बसून वाजवणाऱ्यांची त्यांना दया यायची. टीव्हीवर कोणी थोर कलावंत मांडी घालून तासभर राग आळवत असले, तर मास्तर मन लावून ऐकत आणि शेवटी भाभींना म्हणत, "बहोत अच्छा बजाया. पर पैर में गोला आला असेल बिचाऱ्याच्या."

भाभी म्हणजे मास्तरांची बायको. त्यांनी आयुष्यात एक वाद्य हातात धरलं नव्हतं आणि घरातल्या प्रत्येकाचं काय चुकतं ते त्यांना माहीत होतं. "घर में बी बारात, बाहर बी बारात," एवढं एक वाक्य त्या दिवसातून कितीदा तरी म्हणत, कधी रागानं, कधी कौतुकानं. वाक्य तेच असायचं. अर्थ ताटात काय वाढलंय त्यावरून लावायचा.

मास्तरांकडे एक कॅसेट होती. फार पूर्वी, तरुणपणी, ते एका हॉटेलात संध्याकाळी क्लॅरिनेट वाजवायला जात. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले परदेशी पाहुणे तिथं उतरत. त्यातल्या एका अमेरिकन पाहुण्यानं निघताना ती त्यांना दिली. वरच्या कागदावरचं नाव केव्हाच उडालं होतं, फोटो मात्र शाबूत होता: एक कुटुंब, बाप, मुलगे, मुली, सगळ्यांचे केस टोपल्यासारखे फुगलेले, आणि सगळ्यांच्या अंगात एकाच ताग्यातलं चमकदार कापड, झालरी लावलेलं.

तो फोटो बघून मास्तरांनी जो निष्कर्ष काढला तो तेच काढू शकत होते. ही अमेरिकेतली लग्नाची बँड पार्टी आहे.

"खानदानी लोक आहेत," ते मला म्हणाले. "कपडा बघा ना. हौशी माणूस एवढी शिलाई करत नाही."

मी सांगून पाहिलं की तिकडे लग्नात अशा वराती निघत नाहीत, हे लोक मंचावर, मोठ्या हॉलमध्ये वाजवतात.

"मग हॉलमध्ये लग्न असंल."

पुढे मी वाद घातला नाही. घालण्यासारखं काही उरलंही नाही, कारण त्यांनी टेप लावला आणि माझा हात धरून ठेका समजावला. "ऐका. ढोल पुढं पळत नाही. थांबून बघतो. नवरीचं घर दिसायला लागलं की पोरं नाचायला लागतात अन् वरात जागची हालतच नाही, बरोबर? तिथला ठेका आहे हा. ह्या लोकांनी तेवढाच धरला. पूर्ण गाणं नवरीच्या घरासमोर." मग त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "अन् हे खाली वाजतंय, कानाला नाही, इथं लागतं. हे आमच्यात छोटेचं काम होतं." एवढं बोलून त्यांनी टेप बंद केला.

मुलगी नसीम उर्दू शाळेत शिकवायची. तिनं फोनवर शोधून आम्हाला सांगितलं की या संगीताला सोल आणि फंक म्हणतात. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सोल म्हणजे आत्मा, हे मला ठाऊक होतं. फंकसाठी शब्दकोश उघडावा लागला. जुना अर्थ निघाला, घामाचा दर्प.

"आत्मा अन् घामाचा वास," मास्तर म्हणाले. "मग बँडच की. मी काय वेगळं म्हणत होतो?"

गाण्यांचा अर्थही त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला. मी कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या आणि जरा ओशाळून सांगितलं की फारसं काही नाही. एका गाण्यात नुसतं 'ये, ये' आहे, आणि दुसऱ्यात 'जाऊ नकोस'.

"लग्नात दुसरं काय असतं, सर? एका घरात ये ये, दुसऱ्या घरात जाऊ नको."

साहित्याच्या चर्चासत्रांना मी बराच बसलो आहे. इतकं थोडक्यात कोणी आटोपलेलं आठवत नाही.

चर्चासत्रांवरून आठवलं. एका सांस्कृतिक मंडळानं मास्तरांचा सन्मान करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, आणि काचेचं एक त्रिकोणी काहीतरी. अध्यक्षांनी 'लोप पावत चाललेल्या कला' या विषयावर भाषण केलं आणि ते कलेपेक्षा सावकाश लोप पावलं. मास्तर पूर्ण वेशात पहिल्या रांगेत ताठ बसले होते. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "लोप पावत चाललेली म्हणजे?"

"संपत आलेली."

"मग तो माणूस इतका खुश का होता?"

आता छोटे. मास्तरांचा धाकटा भाऊ, सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. घर त्याच गल्लीत, पलीकडच्या टोकाला. चाचा एकेकाळी बँडमध्ये बास वाजवत. बास म्हणजे तो अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचा पितळी अजगर, ज्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर उघडतं. मग डीजेचा जमाना आला. वराती बँडकडून डीजेकडे वळल्या आणि चाचांनी एक टेम्पो घेऊन त्यावर भिंतीएवढे स्पीकर चढवले. मास्तरांनी हेही गिळलं असतं. भाऊ आहे, पोट आहे. पण गंगापूरचं लग्न झालं.

त्या लग्नात मुलीकडच्यांनी बँड सांगितला होता आणि मुलाकडच्यांनी डीजे. पुढे डीजे, मागे बँड. मास्तर वरातभर वाजवत राहिले आणि त्यांचा एक सूर कोणाला ऐकू गेला नाही. साजिद सांगायचा, "सर, मी अब्बांच्या बाजूला होतो. मला पण नाही आला. नुसती बोटं हलताना दिसत होती." वरात दारात पोचल्यावर मास्तरांनी पुढच्या टेम्पोकडे पाहिलं, तर वर बटणं फिरवत चाचा उभे.

"मेरेकू क्या मालूम पीछे भाई है?" असं चाचांचं म्हणणं. "आवाजच नाय आला."

"माझा आवाज त्याला ओळखू येऊ नये?" असं मास्तरांचं. ऐकूच न आलेला आवाज कसा ओळखायचा, हा प्रश्न मी एकदा विचारला. पुन्हा विचारला नाही.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. येणं-जाणं मात्र होतं, कारण भाभींनी ते बंद होऊ दिलं नाही. शुक्रवारी चाचांच्या घरी डबा जायचा आणि मास्तर डब्याकडे पाठ करून बसायचे. ईदला चाचा येत, मास्तरांसमोर बसत, आणि दोघांच्या मधे मला बसवलं जाई.

"सर, ह्यांना विचारा, शीरखुर्म्यात साखर बरी आहे का."

चाचा माझ्यापासून हातभर अंतरावर. "सर, उनकू बोलो, बराबर है."

"सर, सांगा, डीजेवाल्यांना अजून चव कळते हे ऐकून आनंद झाला."

"सर, बोलो उनकू, चव जबान कू कळती. कान का क्या काम उसमें?"

"ऐकलं का सर? कान का क्या काम!"

मी शीरखुर्मा खात आलटून पालटून दोन्हीकडे मान हलवायचो. विद्यापीठाच्या समित्यांवर मी याहून कमी उपयोगाची कामं केली आहेत.

हे असंच कितीही वर्षं चाललं असतं. पण मास्तरांचे समोरचे दात हलायला लागले.

क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. जन्मभर टेकवलं तर दात कंटाळतात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की समोरचे काढावे लागतील, आणि नवे बसवता येतील.

"नवे लावून देतो म्हणाला," मास्तर जिन्यात मला सांगत होते. "मी म्हटलं, नवे लावाल हो, पण त्यांना येतं काय? माझ्या दातांना सगळी गाणी पाठ आहेत."

विनोद केला, पण त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या कोणाचा पाय ओळखला नाही. संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलावलं, मलाही. फोटोवाली कॅसेट समोर ठेवली.

"दात जायच्या आत आपला बी अल्बम होणार."

साजिद हसला. नसीम हसली नाही. ती म्हणाली, "अब्बा, अल्बममध्ये गाणी आपली लागतात. फिल्मी नाही चालत."

"मग बनव. शाळेत काय शिकवती तू?"

नसीमनं बनवली. लग्नातल्या बायकांकडून ऐकलेल्या ओळी, थोडं दखनी, थोडं मराठी, आणि प्रत्येक गाण्याच्या मधे एकच पालुपद फिरवून फिरवून: 'आरे आ, नक्को जा'. त्या घरात ती चांगली गाते हे सगळ्यांना माहीत होतं. वरातीत तिला जागा नव्हती, म्हणून ते कधी कोणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

रेकॉर्डिंगसाठी अमोल सापडला. करमाडकडच्या शेतकरी घरातला मुलगा, शहरात एका खोलीत स्टुडिओ चालवायचा. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. मास्तरांनी आत शिरताच विचारलं, "अंडी कुठं गेली?"

अमोलनं त्यांच्या कानाला हेडफोन लावला. आत टिक् टिक् टिक्.

"हे काय?"

"ठेका आहे मास्तर. ह्याच्याबरोबर वाजवायचं."

मास्तरांनी जरा ऐकलं. "ह्याचे पाय कुठंत?"

खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर कोणी बसलं नाही. उभं राहूनही जमेना. वाजवायला सुरुवात केली की आपोआप पाय निघत. खोलीतल्या खोलीत गोल गोल वरात सुरू झाली, माईकजवळ आलं की आवाज मोठा, लांब गेलं की बारीक, आणि दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या पायात वायरी. अमोल काचेपलीकडे डोकं धरून बसला. शेवटी त्यानं प्रत्येकाला जागेवर उभं करून, पाय न हलवण्याच्या शपथा घालून, एक गाणं कसंबसं घेतलं, आणि खाली बासची जागा कीबोर्डवर स्वतः भरली.

सगळ्यांनी ऐकलं. मला तर छान वाटलं. मास्तरांनी मान खाली घालून पूर्ण ऐकलं.

"सगळं बराबर आहे," ते म्हणाले. "पण खालून वाजवणारा हा माणूस आमच्या घरातला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर येऊन गाठलं. "सर, तुम्ही छोटेकडं सहज जा. मी पाठवलं म्हणू नका."

मी सहज गेलो. चाचा दारात टेम्पो पुसत होते.

"भाईने भेजा?"

"नाही."

"तुम्ही कवा येत नाही, आज कसं काय मग?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण सराव वेगळ्या विषयांचा आहे. मी सगळं सांगितलं. दातांचंही. चाचांचा हात थांबला, मग परत काच पुसायला लागला.

"बजाता मैं. कौन ना बोल्या? पर भाईने बोलना. अपने मुँह से, मेरेकू. आपके मुँह से नक्को."

मी निरोप आणला. मास्तरांनी ऐकून घेतला.

"मी थोरला आहे, सर."

"हो, पण ते म्हणतात..."

"थोरल्यानं आधी बोललं म्हणजे चूक थोरल्याची झाली. माझी चूक झाली, तर मग गंगापुरात मागं वाजवत कोण होतं?"

दाताच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती, ती पुढच्या आठवड्यातली. भाभी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "दांत बत्तीस थे, अकड एक बी नै गिरती," आणि परत आत गेल्या.

तोडगा नसीमनं काढला. चालल्याशिवाय वाजत नसेल तर चालत चालतच रेकॉर्ड करायचं. अमोलच्या गावाकडे, करमाडच्या आतल्या बाजूला, शांत रस्ता आहे. पुढे एक गाडी हळू चालेल, गाडीवर माईक आणि अमोल, मागून बँड. गाडीला जनरेटर हवा, माईक टांगायला दांड्या हव्यात, आणि माणसाच्या पावलाच्या वेगानं चालण्याची सवय हवी. अशी गाडी शहरात एकाच प्रकारच्या लोकांकडे असते.

"चाचाची गाडी सांगितली," ती म्हणाली. "गाडी सांगितली, अब्बा. चाचाला काही नाही सांगितलं."

मास्तरांनी विचार केला. "येऊ दे. गाडीशी माझं भांडण नाही."

सकाळी लवकर आम्ही करमाडला पोचलो. सगळे पूर्ण वेशात. कॅमेरा नाही, कोणी बघणार नाही, मग कोट कशाला, असं साजिदनं विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "आवाजात कपडा कळतो." टेम्पोवरचे स्पीकर उतरवलेले होते. चाचा स्टिअरिंगवर. त्यांच्या शेजारी मी, निरोपांची गरज पडली तर. मागे अमोल, त्याचं सामान, आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं.

"चाचा, हे खाली ठेवू का? जागा अडतेय," अमोलनं विचारलं.

"रहने दे. गाडी कू वजन होना."

वरात निघाली. बँड वाजतोय म्हटल्यावर वस्तीवरची माणसं रस्त्यावर आली. एक म्हातारा मोटारसायकल हळू करून आमच्या बरोबरीनं पाय घासत चालवायला लागला.

"नवरदेव कुठंय?"

"नाय," अमोल वरून म्हणाला.

"नाय म्हंजी? पळाला का काय?"

"लग्नच नाय, काका."

"आन् मंग वाजवायलेत कशाला?"

दोन बायका बांधावर उभ्या होत्या. नसीम माईक धरून टेम्पोच्या मागे चालत गात होती. "नवरीच गायली का गं सोता?" एक दुसरीला म्हणाली. "लई सुधारले बया शहरातले."

अमोल कपाळावर हात मारत होता, कारण हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये जात होतं. पण वाजवणं खुललं होतं. जे खोलीत मेलं होतं ते इथं चालत होतं. उणं होतं ते फक्त खालचं. ढोल होता, ट्रंपेट होता, गाणं होतं, आणि त्यांच्या पायाखाली जमीन नव्हती. हे मलाही ऐकू येत होतं, म्हणजे किती उघड असेल ते बघा. चाचा आरशात बघत होते. त्यांची बोटं स्टिअरिंगवर दाबली जात होती, सुटत होती.

मग एका वळणापाशी घर आलं. अंगणात ताडपत्री, खाली सतरंजीवर टोप्या काढून बसलेली माणसं, ओसरीत बायका. मास्तरांचा हात वर गेला आणि गाणं ओळीच्या मधेच थांबलं.

बँडचा हा नियम आहे. मशीद, देऊळ, दवाखाना आणि मयताचं घर आलं की वाद्यं खाली. चालणं थांबवायचं नाही, वाजवणं थांबवायचं. घर मागे पडलं की पुन्हा सुरू. पण मास्तरांच्या वडिलांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती: पुन्हा सुरू करायचं ते फक्त बासनं. ढोल किंवा ट्रंपेट एकदम उठला तर मागच्या घराच्या छातीत धडकी भरते. बास खालून, हळू येतो. आधी तो, मग बाकीचे.

घर मागे पडलं. वळण संपलं. कोणी सुरू केलं नाही.

कीबोर्ड नव्हता. बास गोधडीत होता. भाचे ढोल धरून मास्तरांकडे बघत होते. साजिद ओठाशी ट्रंपेट नेऊन परत खाली आणत होता. मास्तर नाकासमोर बघत चालले होते. क्लॅरिनेट त्यांच्या हातात होतं, सुरू करण्याचा हक्क नव्हता. नुसते पाय वाजत होते, जनरेटर गुरगुरत होता, आणि अमोल वरून हळूच म्हणत होता, "मास्तर? घेऊ का बंद?"

चाचांनी आरशात पाहिलं. आरशात मास्तर नव्हते. मग माझ्याकडच्या नाही, त्यांच्याकडच्या खिडकीवर टकटक झाली. मास्तर टेम्पोच्या बरोबरीनं चालत होते. टोपी तिरपी झालेली.

"छोटे."

चाचा समोर बघत राहिले. "सर, उनकू बोलो..."

"सर को छोड." मास्तरांना धाप लागली होती. "मैं तेरेकू पूछ रहा. सुरू कोण करणार?"

टेम्पो तसाच सरकत होता. चाचांनी मान वळवून भावाकडे पाहिलं.

"गाडी?"

"सर चालवतील."

मला कोणी विचारलं नाही. चाचा चालत्या टेम्पोतून उतरले, मी त्यांच्या जागेवर सरकलो, दार धाडकन लागलं, आणि वरून अमोल ओरडला, "सर, ब्रेक नका मारू! काही झालं तरी ब्रेक नका मारू!" मी आयुष्यात स्कूटरपेक्षा मोठं वाहन चालवलेलं नव्हतं. डावा पाय, जो मुळातच उशिरा पडतो, तो क्लचवर ठेवून मी सगळ्या मराठवाड्यातल्या सगळ्या देवांना आणि पिरांना हाक घातली.

आरशात दिसलं ते असं. चाचांनी मागच्या फळीवरून गोधडी ओढली. मास्तरांनी दोन्ही हातांनी तो पितळी अजगर वर उचलून धरला. चाचांनी चालता चालता त्यातून डोकं घातलं. मग गाडीचा पत्रा थरथरला. मला वाटलं इंजिन गेलं. ते इंजिन नव्हतं.

त्याच्यावर ढोल आला. त्यावर ट्रंपेट, त्यावर नसीम. फक्त क्लॅरिनेट आलं नाही.

मास्तर चाचांच्या शेजारून चालत होते. क्लॅरिनेट काखेत. तोंड चाललं होतं, मोकळा हात हवेत चालला होता. गंगापूर, डीजे, वडील, ईद, डबा, सगळं निघत असणार. इतकी वर्षं जे माझ्यामार्फत पाठवता येण्यासारखं नव्हतं ते. चाचांचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले, एकेका मुद्द्यावर मान हलत होती, पण बोलता येत नव्हतं. बोलले असते तर बास थांबला असता, आणि बास थांबवायची परवानगी नव्हती. बरंच अंतर गेल्यावर मास्तरांचं संपलं. त्यांनी टोपी सरळ केली, क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आणि मग मागे जे झालं त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता.

पुढच्या आठवड्यात दात गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही सगळे अमोलच्या खोलीत गाणं ऐकायला जमलो. मास्तर तोंडात कापूस धरून बसले होते. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती आणि भाभींनी ती अंमलात आणायला स्वतः यायचं ठरवलं होतं.

अमोलनं गाणं लावलं. मधे एकाएकी सगळं थांबतं. पावलं, जनरेटर, खिडकीवरची टकटक, दाराचा धाडकन आवाज, 'ब्रेक नका मारू'. मग बास. आणि बासच्या बरोबरीनं, त्याच ठेक्यात, लांबून कोणीतरी न थांबता बडबडतंय. एकही शब्द कळत नाही. चढतं, उतरतं, पुन्हा चढतं.

"हे सगळं काढून टाकतो," अमोल म्हणाला. "शांतता, दार, आणि ही बडबड. जोडलेलं कळणार पण नाही. काढू ना मास्तर?"

मास्तरांनी तोंडाकडे बोट दाखवलं आणि चाचांकडे पाहिलं.

"काय काढू नको," चाचा म्हणाले. "तवा मेरा मुँह भरेला था. अब इनका है."

मग त्यांनी खुर्ची ओढली, मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले, आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.